खड्ड्यातले बाबा

"सालिक, गोणी धर! मीठ पाण्यात पडलं तर मेंढ्यांना काय, तुझा घाम चाटायला देऊ?"

ओटोमामा ओरडला आणि त्यानं बोट बर्फाच्या एका तुकड्याला खेटून पुढं काढली. सालिकनं गोणी धरली. एफ्राइमनं सालिकला धरलं. पिपालुकनं कुणालाच धरलं नाही, कारण गोणी अडकवून न्यायचा लांब दांडा तिच्या हातात होता आणि त्याचं दुसरं टोक मामाच्या कानाजवळ डुलत होतं.

"बाबा, तुम्ही मध्ये बसा," ओटोमामा एकदम आवाज उतरवून म्हणाला. "वारं आहे. टोपी ओढून घ्या."

हे 'बाबा' आठ वर्षांचे होते आणि नाकात बोट घालून बसले होते.

दक्षिण ग्रीनलंडच्या त्या खाडीत याचं कुणालाच काही वाटत नसे. म्हातारा एफ्राइम वारला, पुढच्याच वसंतात त्याच्या मुलीला मुलगा झाला आणि आजोबांचं नाव नातवाला मिळालं. नाव आलं की माणूसही परत आला, असा तिथला हिशेब. म्हणून पिपालुकची आई स्वतःच्या धाकट्या मुलाला बाबा म्हणे, दोन्ही मामा बाबा म्हणत, आणि कालीनेआजी त्याला 'अहो' म्हणे. "अहो, दात घासलेत का?" असं आजी सगळ्यांसमोर विचारी, आणि एफ्राइम लाजून लाल होई.

शाळेला सुटी लागली की ही तीन भावंडं शहरातून मामांकडे येत. मामा दोन. ओटोमामाचं शेत खाडीच्या उत्तर काठावर, हेन्रिकमामाचं दक्षिण काठावर. मुलं एक रात्र इकडे झोपत, एक रात्र तिकडे, कारण कुणाच्या घरी जास्त राहिली हे दोघेही बोटांवर मोजत. मात्र दोघे एकमेकांशी बोलत नसत. नऊ वर्षं झाली, एक शब्द नाही! सगळे निरोप मुलांकडून. "ओटोला सांग, त्याच्या मेंढ्या माझं गवत खातात." "हेन्रिकला सांग, माझ्या मेंढ्या इतक्या वाईट चवीच्या नाहीत." मुलं शहरात गेली की हे काम आजीकडे येई. पण आजीला कमी ऐकू येई, त्यामुळं 'ट्रॅक्टर दे' म्हटल्यावर पलीकडं एकदा सीलच्या मांसाचं सूप पोचलं होतं.

भांडण एका मेंढ्यावरून होतं. दोघांच्या सामाईक मालकीचा तो मेंढा, नाव बिशप. चर्चच्या धर्मगुरूसारखी चालच होती त्याची! त्याचं उजवं शिंग नीट गोल वळलेलं आणि डावं मात्र सरळ पुढं आलेलं, 'तूच तो' म्हणून कुणाकडं तरी बोट दाखवावं तसं. म्हातारा एफ्राइम गेला त्याच हिवाळ्यात, तो जायच्या थोडे दिवस आधी, गोठ्याचं फाटक उघडं सापडलं आणि बिशप गायब. ओटो म्हणाला, हेन्रिकनं पळवला. हेन्रिक म्हणाला, ओटोनं विकून खाल्ला. संपलं.

बोट खाडीच्या मधल्या बेटाला लागली. उन्हाळाभर सगळे मेंढे या बेटावर ठेवायचे आणि मेंढ्या डोंगरात सोडायच्या, नाहीतर कोकरं ऐन हिमवादळात जन्माला येतात. हा शहाणपणा हजार वर्षांपूर्वी युरोपातून आलेल्या नॉर्स शेतकऱ्यांचा. ते लोक केव्हाच नाहीसे झाले, पण बेट आणि मेंढ्यांचा स्वभाव, दोन्ही तसंच राहिलं.

"मीठ सगळ्या दगडांवर ठेवा," मामानं बोट मागं ढकलली. "संध्याकाळी हेन्रिक न्यायला येईल, इमाका. पिपालुक, त्याला तेवढं सांग!"

"सांगते!" पिपालुक सवयीनं ओरडली.

इमाका म्हणजे बहुतेक. त्या खाडीत कुठलंही वचन या शब्दाशिवाय पुरं होत नाही, आणि या शब्दामुळंच बहुतेक वचनं पुरी होत नाहीत.

सालिक आणि पिपालुक दांडा खांद्यांवर घेऊन, मध्ये गोणी लटकवून चढू लागले. बेटाच्या पाठीवर पोचल्यावर एफ्राइम थांबला.

"ताई, ते झुडूप बघ. मेंढ्यांनी सगळ्या बेटाची हजामत केली आहे आणि तेवढंच कसं ठेवलं?"

खरंच! सगळीकडं गवत दातांनी कापल्यासारखं आखूड. पण दगडांच्या एका जुन्या ढिगाजवळ गुडघ्याएवढं हिरवंगार झुडूप माजलं होतं. मेंढे त्याला लांबून वळसा घालून जात होते.

"कडू असेल," सालिक म्हणाला. तो तेरा वर्षांचा होता, त्यामुळं त्याला सगळं माहीत होतं.

"कडू असतं तर एकानं तरी चावून थुंकलं असतं. मी बघतो!"

एफ्राइम धावला. झुडपात शिरला. आणि नाहीसा झाला.

"एफ्राइम!"

दोघं धावली. गोणी खाली ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही. पुढं सालिक, मागं पिपालुक, मध्ये मीठ. झुडपात सालिकचा पाय पोकळीत गेला. त्याच्यामागून दांडा गेला, दांड्यामागून गोणी गेली, आणि दांडा सोडायचा असतो हे कळायच्या आत पिपालुकही गेली.

धप्प! धप्प! फस्स!

"कुणी मेलंय का?" बऱ्याच वेळानं अंधारातून सालिकनं विचारलं.

"माझ्या पोटावरून गोणी काढा, मग सांगतो," एफ्राइम म्हणाला.

डोळे सरावल्यावर पिपालुकनं वर पाहिलं. ती जणू मोठ्या रांजणात बसली होती. खाली रुंद, वर निमुळतं, चारी बाजूंनी दगडांच्या भिंती आत झुकलेल्या. वर ताटाएवढं आभाळ.

"कोल्ह्याचा सापळा!" ती म्हणाली. "आजी सांगते ना, बेटावर आहे कुठंतरी. कोल्हा आत उडी मारतो आणि भिंती आत झुकलेल्या म्हणून त्याला चढता येत नाही."

"एवढा खोल? हत्ती पकडत होते की काय?"

"खालचे दगड बघ. केवढाले! हे नॉर्स लोकांचं कोठार असणार. ते गेल्यावर शिकाऱ्यांनी वर दगड रचून तोंड लहान केलं."

"आणि मामालोकांनी काय केलं?"

"मामालोक विसरले."

सालिकनं फोन काढला. रेंज नव्हती. बेटाच्या टोकावर एक रेघ यायची, पण टोक वर होतं आणि ते खाली. मग त्यानं शूरपणा काढला. "चढ माझ्या खांद्यावर. दोन मिनिटांत बाहेर!"

पिपालुक चढली. तिनं हात लांब करून वरचा दगड धरला. दगड हलला, तिच्या गालाला वारा लागला आणि खालून सालिकची किंकाळी आली. दगड त्याच्या पायावर पडला होता. पाठोपाठ मातीचा एक ढीग आला, आणि भिंत कुठंतरी आतल्या आत कर्रर्र वाजली.

सगळे पुतळ्यासारखे थांबले. कर्रर्र थांबलं.

"आता भिंतीला कुणी बोट लावायचं नाही," पिपालुक हळूच म्हणाली. "श्वाससुद्धा मधोमध घ्यायचा."

सालिकचा घोटा पावासारखा फुगला. त्यानं दात आवळले आणि शूरपणा पुन्हा पिशवीत ठेवला.

उन्हाचा तुकडा भिंतीवर हळूहळू सरकत होता. त्यांनी सुकवलेले मासे वाटून खाल्ले. बाहेर खाडीतले बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते. तो आवाज सकाळी लांब होता, आता जवळ आला होता.

"घाबरू नका," सालिक म्हणाला. "संध्याकाळी हेन्रिकमामा येणारच आहे. आपण दिसलो नाही की शोधेल."

पिपालुकला ओटोमामाचं वाक्य आठवलं. मग स्वतःचं आठवलं.

"सालिक," ती म्हणाली, "हेन्रिकमामाला सांगायचं कुणी होतं?"

"तू."

"मी कुठं आहे?"

सालिकनं तिच्याकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं.

"निरोप खड्ड्यात आहे," एफ्राइमनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं.

"म्हणजे ओटोमामाला वाटणार, आपण हेन्रिकमामाकडं झोपलो," पिपालुक म्हणाली, "आणि हेन्रिकमामाला वाटणार, ओटोमामाकडं. दोघेही निवांत घोरणार. उद्यासुद्धा! आणि त्यांना एकमेकांना विचारायचं असेल, तर ते कुणाकडून विचारतात?"

"आपल्याकडून," सालिक म्हणाला. मग जरा वेळानं, "शाळेत बाई विचारतात ना, नॉर्स लोक नाहीसे कसे झाले? मला उत्तर सापडलं. त्यांच्यात दोन मामा असणार."

एफ्राइमनं नाक ओढलं. "मला घरी जायचंय. सगळे मला बाबा, बाबा म्हणतात. मी बाबा नाहीये! मी लहान आहे आणि मला थंडी वाजतेय."

पिपालुकनं त्याला कुशीत ओढलं. त्याच्या खाली काहीतरी टोचत होतं म्हणून तिनं हात घातला. वाळकी पानं, माती, एक बरगडी. मग काहीतरी मोठं आणि गुळगुळीत.

"शी! हाडं आहेत!"

तिनं ते उपसून उजेडात धरलं. मेंढ्याची कवटी. उजवं शिंग नीट गोल वळलेलं. आणि डावं...

डावं सरळ पुढं आलेलं. ते सालिककडं बोट दाखवत होतं.

"बिशप!" तिघंही एकदम म्हणाली.

मातीत कानातला पिवळा बिल्लाही सापडला. त्यावर दोन्ही मामांची अक्षरं, ओ आणि हे, शेजारी शेजारी.

"कुणी चोरलाच नव्हता," पिपालुक म्हणाली. "फाटक उघडं दिसलं, खाडी गोठलेली, निघाला आपल्या नेहमीच्या बेटावर! बर्फाखाली खड्डा कुठं दिसणार? म्हणून मेंढे झुडपाला वळसा घालतात. त्यांना माहीत आहे."

"मेंढ्यांना नऊ वर्षं माहीत आहे," सालिक म्हणाला, "आणि मामांना नाही."

तेवढ्यात वरचं आभाळ कमी झालं. एक दाढीवाला, शिंगवाला चेहरा खाली डोकावत होता. मग दुसरा. मग तिसरा. मिठाचा वास खड्ड्याच्या भीतीपेक्षा मोठा ठरला होता.

"हाड! जा!"

मेंढे रवंथ करत बघत राहिले. एकानं पुढचा पाय कडेवर ठेवला. खडे आणि माती खाली ओघळली. भिंत पुन्हा वाजली, या वेळी जास्त वेळ.

"हा आत पडला तर आपला पापड होईल!" सालिक किंचाळला. "पिपालुक, काहीतरी कर!"

दांड्यानं ढोसून उपयोग नव्हता. मेंढ्याला कपाळावर ढोसलं की तो खूष होतो. पिपालुकनं इकडंतिकडं पाहिलं, बिशपची कवटी दांड्याच्या टोकावर बसवली, गोणीवर चढली आणि ती कवटी सरळ वर घुसवली. नऊ वर्षांनी बिशप जमिनीवर प्रकट झाले.

वर क्षणभर सगळं शांत झालं. मग अशी काही पळापळ झाली, की खुरांचा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू गेला.

"वा!" एफ्राइम रडणं विसरला. "ओटोमामानं बघितलं असतं ना, तर तोसुद्धा..."

तो थांबला. पिपालुकनं त्याच्याकडं पाहिलं. सालिकनं दोघांकडं पाहिलं.

दोन्ही मामांच्या खिडकीत दुर्बीण होती. दोघेही सांगत, सील बघायला. पण नऊ वर्षं दोघांनाही सील समोरच्या भावाच्या अंगणातच दिसत. आणि हे बेट दोन्ही खिडक्यांच्या बरोबर मधे होतं!

"मुलांसाठी ते यायचे नाहीत," पिपालुक हळूहळू म्हणाली, "कारण मुलं दुसऱ्याकडं आहेत. पण बिशप दिसला, तर..."

"...तर दुसरा न्यायच्या आत आपण न्यायचा!" सालिकनं टाळी वाजवली आणि भिंतीच्या भीतीनं ती अर्ध्यात थांबवली.

एफ्राइमचा पांढरा लोकरी स्वेटर दांड्याला बांधला. सालिकनं त्याला आपल्या जाकिटात घेतलं. पिपालुक गोणीवर उभी राहून बिशपला चरायला लावू लागली. खाली, वर, थोडं डावीकडं.

"मेंढा आहे तो, नवरदेव नाही. इतकं डोलवू नकोस!" सालिक बसल्या जागेवरून म्हणाला.

"तू ये मग वर!"

"माझा पाय दुखतोय."

तिचे हात आधी दुखले, मग जड झाले, मग दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे झाले. तिनं दांडा छातीशी टेकवला आणि डोळे मिटले. दोघेही जेवत असतील तर? ओटोमामा दुर्बिणीत बघून 'इमाका' म्हणून झोपला असेल तर? बाहेर बर्फ कुरकुरत होता. आणखी थोडा सरकला की बेटाला बोट लागणार नव्हती.

"ताई," एफ्राइम कुजबुजला. "मोटर."

उत्तरेकडून एक मोटर. बर्फ फोडत, खोकत, शिव्या खात येणारी. आणि क्षणातच दक्षिणेकडून दुसरी!

मग धापा. मग बुटांचे आवाज, दोन बाजूंनी.

"बिशप! ये राजा, ये, ओटोकडं ये!"

"बिशप, माझ्या लेकरा! त्याच्याकडं बघू नकोस!"

वरून एका हातानं उजवं शिंग पकडलं आणि दुसऱ्यानं डावं. दोघांनी जीव खाऊन ओढलं. कवटी दांड्यावरून सुटली आणि वर दोन मोठी माणसं पाठीवर पडल्याचा आवाज आला. पोकळ डोळ्यांचा बिशप दोघांच्या मधे पडून कुणातरी एकाकडं बोट दाखवत असणार.

पिपालुक ओरडणार तोच एफ्राइमनं तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं छाती भरून घेतली आणि जमेल तितक्या जाड आवाजात हाक मारली.

"ओटो! हेन्रिक! इकडे या दोघं!"

वर कुणाची तरी टोपी डोक्यावरून निघाल्यासारखं वाटलं.

"बाबा?" ओटोमामाचा आवाज उंदराएवढा झाला होता. "बाबा, तुम्ही... खाली आहात?"

"मग! वर असतो तर हाक कशाला मारली असती?"

झुडूप बाजूला झालं. दोन लाल चेहरे आत डोकावले आणि त्यांना भाची, भाचा आणि वडील दिसले.

"अरे देवा! मुलं! ही मुलं तर... हे तर..." हेन्रिकमामा म्हणाला आणि थांबला, कारण पुढचं वाक्य ओटोला विचारायचं होतं.

"पिपालुक," ओटोमामा म्हणाला, "हेन्रिकला सांग, त्याच्या बोटीतला लांब दोर आणायला."

पिपालुकनं वर पाहिलं. हेन्रिकमामा तिच्यापासून लांब होता, आणि ओटोमामाच्या कोपरापासून वीतभर.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

"ए बाई!" सालिक कळवळून कुजबुजला. "आधी बाहेर तर निघू! तत्त्वं वर गेल्यावर!"

"बाबा, तुम्ही तरी सांगा हेन्रिकला," ओटोमामानं विनवलं.

"मी पण नाही," एफ्राइम म्हणाला. त्याचे दात वाजत होते, पण हनुवटी वर होती. "निरोप बंद! त्या निरोपामुळंच आम्ही इथं आहोत. ओटो, तो तुझा धाकटा भाऊ आहे. माझ्यादेखत बोल."

भिंत कर्रर्र वाजली. मातीचा लोट सालिकच्या डोक्यावर आला. नऊ वर्षं गंजलेलं फाटक उघडावं तसा ओटोमामाचा गळा वाजला.

"हेन्रिक," तो म्हणाला. "दोर."

"कुठला?"

"निळा."

हेन्रिकमामा पळत सुटला. "आणि जपून जा रे, दगड ओले आहेत!" ओटोमामा मागून ओरडला, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकला.

आधी बाबा वर गेले, मग सालिक, शेवटी पिपालुक. ती कडेवर पोटावर पडून राहिली. एवढं मोठं आभाळ तिनं कधी पाहिलं नव्हतं! दोन्ही मामा तिघांना एकाच वेळी मिठी मारू पाहत होते, त्यामुळं त्यांची एकमेकांनाही थोडी मिठी बसली.

मग पिपालुकनं पिवळा बिल्ला पुढं केला आणि सगळं सांगितलं. दोघे खाली मान घालून ऐकत राहिले.

"म्हणजे तू नाही विकलास," हेन्रिकमामा पुटपुटला.

"आणि तू नाही चोरलास." ओटोमामानं डोकं खाजवलं. मग त्याच्या कपाळावर आठी चढली. "पण मग फाटक उघडं कुणी टाकलं? त्या दिवशी शेवटचा तूच तर..."

"मी? अरे, तूच चारा घालायला..."

"झालं!" सालिक म्हणाला. "चला, परत खड्ड्यात जाऊ."

"फाटक मी उघडं टाकलं होतं," एफ्राइम म्हणाला.

दोघे जागच्या जागी थांबले.

"म्हातारा झालो होतो. विसरलो. उगीच भांडू नका."

पिपालुकनं त्याच्या पायाकडं पाहिलं. खोटं बोलताना एफ्राइमच्या डाव्या बुटाचं टोक हलतं. ते आता मेंढीच्या शेपटीसारखं हलत होतं. पण मामांचं तिकडं लक्ष नव्हतं. मोठी माणसं एकमेकांकडं बघत होती आणि त्यांचे डोळे उगीचच ओले झाले होते.

"काही हरकत नाही, बाबा," ओटोमामा खाकरत म्हणाला. "होतं असं."

परत जाताना बर्फानं हेन्रिकमामाच्या बोटीचा पंखा मोडला. ओटोमामानं तिला मागं दोरानं बांधलं. निळ्याच. बाकी सगळे एका बोटीत दाटीवाटीनं बसले, आणि बिशप पुढं नाकावर बसून रस्ता दाखवत होते.

"कुणी सांगितलं होतं तुला तसं बोलायला?" पिपालुकनं एफ्राइमच्या कानात विचारलं.

"कुणी नाही. पण बापाला कोण रागावणार?"

ओटोमामाच्या घरी आजीनं सालिकचा घोटा बांधला, तिघांना गोधडीत गुंडाळलं आणि गरम सूप दिलं. दोन्ही मुलगे एका टेबलाशी बसलेले पाहून तिनं चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि सगळी हकीकत मोठ्यानं दोनदा सांगायला लावली.

"पिपालुक," ती म्हणाली, "मेलेल्या मेंढ्याकडून दोन जिवंत गाढवं ओढून आणणारी तू पहिलीच! सालिक, ओरडला नाहीस, शाबास. किंचाळलास म्हणतात, पण ते चालतं."

मग ती एफ्राइमकडं वळली आणि तिचा आवाज बदलला.

"अहो. सांगितलंत शेवटी!"

"काय?" एफ्राइमनं चमचा तोंडाजवळ धरला होता.

"फाटकाचं. त्या दिवशी तुम्ही फाटक उघडं टाकून आलात, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. नऊ वर्षं वाट बघत होते, कधी सांगताय याची. नवऱ्याची चूक बायकोनं कशी सांगायची? ज्याची त्यानंच सांगायची."

एफ्राइमनं चमचा हळूच खाली ठेवला आणि आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं. पाय अगदी स्थिर होता.

"आणि अहो," आजी म्हणाली, "नाक पुसा."